उरेब

बी-च्या खोक्यात हे कार्ड
सतरा दिवस तसंच पडून आहे.
बायस. नाम. पुढे पेन्सिलीत माझं अक्षर:
कल, पूर्वग्रह, झुकाव.
झुकाव हिंदी वाटला, खोडला.
गुर्जरबाई म्हणतात, एकच द्या, ठाम द्या,
कोशात चाचपडायला जागा नसते.

ब्लाउज टाकायला गंज पेठेत गेले
तर जैनब तांबोळी आपणहून म्हणाल्या,
गळ्याला बायस लावू ना?
मी पिशवीतली वही काढली.
त्या हसल्या. आमच्या सासूबाई उरेब म्हणायच्या,
आम्ही बायस म्हणतो, आणि आताच्या पोरी
काहीच म्हणत नाहीत, तयार पट्टी आणतात.
मग अस्तराचा चौकोन माझ्या हातात दिला. ओढा.
उभा ओढला, ढिम्म.
आडवा ओढला, जरासा हलला.
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढला
आणि साधं सुती कापड
आळस दिल्यासारखं लांबलं.
सरळ पट्टी मानेवर वळत नाही, बाई.
वळायचं तर तिरकीच कापावी लागते.
कापड जास्त जातं, तेवढं मात्र आहे.

मी लिहून घेतलं: कापड जास्त जातं.

बुधवार पेठेत, जिन्याखालच्या टपरीत
हुलावळे अजून टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात.
त्यांचा बायस वेगळा.
गाणं यायच्या आधीच फितीला थोडा करंट द्यायचा,
नाहीतर आवाज फाटतो.
कोरी फीत नीट ऐकत नाही, म्हणाले,
आणि तोंडातला स्क्रू काढून
पुढचं काही सांगायच्या ऐवजी चहा मागवला.

फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आला शब्द.
हिरवळीवर खेळायचे लाकडी चेंडू,
एका अंगाला जड केलेले,
पोटात कधी शिसं भरलेलं.
सरळ सोडला तरी जाता जाता वळायचा,
आणि त्या वळण्याला नाव होतं.

शिसं म्हटल्यावर मला नाना पेठेतलं दुकान दिसतं.
अप्पांच्या वजनांच्या पोटातही शिसं होतं,
त्यावर दरसाल सरकारी शिक्का.
काटा मधोमध थांबला की गिऱ्हाईक परत येत नाही,
असं म्हणत ते चिमटीने डाळ सोडत राहायचे
पारडं खाली टेकेपर्यंत.
घरी आले की तेच झुकतं माप
दिगूच्या ताटात.
साय. सायकल. कॉलेजची फी.
माझ्या वेळी काटा मधोमध,
एक दाणा इकडे नाही, तिकडे नाही.
मी कधी डावं-उजवं केलं नाही,
असं ते शेवटपर्यंत म्हणायचे,
आणि मला वाटतं खरंच सांगत होते.
चेंडूला कुठे माहीत असतं
पोटातलं शिसं.

अर्धांगवायूनंतर अप्पा खुर्चीत डावीकडे कलायचे.
डावीकडे मी बसायचे,
कारण स्टूल ठेवायला तिकडेच जागा होती.
दिगू बाणेरहून यायचा,
पार्किंग मिळालं तर.
त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं,
मी उशी सरकवायची, ते पुन्हा यायचं.
यात कल किती आणि वजन किती
हे मी मोजलं नाही.
खांदा मात्र अजून दुखतो,
पाऊस नसतानाही.

आज कचेरीत दिवस कलेपर्यंत बसले.
उरेब लिहिलं. गुर्जरबाई म्हणाल्या,
हे शिंप्यांसाठी झालं, लोकांसाठी काय?
झुकतं माप म्हटलं, तर म्हणाल्या,
ते दोन शब्द झाले.

फ्रेंचच्या मागे काय होतं
ते मोठ्या कोशांनाही नक्की ठाऊक नाही.
कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात
मूळ अज्ञात
एवढं मी शाईने लिहिलं.
वरचं अजून पेन्सिलीतच आहे.

शुक्रवारी ब्लाउज मिळेल.
गळा बसतो का बघू.